गंगापूर धरणाकाठची वायनरी: देखावा झकास, ताट महाग

नाशिकच्या या वायनरीत पाच वाइनचं टेस्टिंग, प्रत्येकी ३० मिली. म्हणजे बाटलीचा पाचवा भाग, आणि पैसे जवळपास अख्ख्या बाटलीचे! शिराझ ही रेड वाइन, १६-१८ अंशांवर हवी. ती उन्हातल्या गच्चीवर कोमट मिळाली, त्यामुळे नाकात नुसता अल्कोहोल. शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन बहुधा आदल्या दिवशी उघडलेली: फळांचा वास गायब, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी चव. गोड लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन) शेवटी द्यायची, ती मध्येच पाजली. मग पुढची कोरडी, म्हणजे बिनगोडाची रेड आंबटच लागणार. जेवणात पिझ्झा मधोमध ओला, पनीर टिक्का जाळ तिखट. वर सर्व्हिस चार्ज. तो ऐच्छिक असतो, बिलातून काढायला सांगा. जायचंच तर जानेवारी ते मार्च, द्राक्षतोडणीच्या दिवसांत. टेस्टिंगपुरतं थांबा, जेवायला शहर गाठा.