एनएच३५ वाल्या घड्याळाचे आठ महिने, आणि त्या दोन इवल्याशा दांड्या

मागच्या दिवाळीला एका छोट्या ब्रँडचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने चावी भरणारं) डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांच्या धर्तीचं घड्याळ घेतलं, आत सिकोचं एनएच३५ मशीन. डायल, बेझेल, पट्टा सगळं ठीक आहे, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मी लिहितोय ते वेळेबद्दल, कारण पहिल्याच आठवड्यात घड्याळ रोज १९-२० सेकंद पुढे पळायला लागलं. भांडायची सोय नाही, ह्या मशीनचा स्पेकच रोज उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. म्हणजे महिन्याला दहा मिनिटं पुढे गेलं तरी कागदोपत्री घड्याळ एकदम ठणठणीत!

आमच्या बाबांचं एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चावी द्यायची आणि रेडिओवर बातम्यांआधी पीप पीप वाजलं की काटे जुळवायचे, त्यामुळे मिनिटभर इकडेतिकडे झालं तर त्यांना कधी काही वाटलं नाही. मला मात्र मोबाईल शेजारी ठेवून सेकंद मोजायची वाईट खोड. शेवटी एका मित्राबरोबर अर्धे अर्धे पैसे घालून टाइमग्राफर मागवला. ह्या यंत्राला घड्याळाची टिकटिक ऐकवायची, मग ते रोज किती पुढे-मागे, बॅलन्स, म्हणजे आतलं झोके घेणारं चाक, किती अंशात फिरतोय (अँप्लिट्यूड) आणि टिक-टॉकमध्ये फरक किती (बीट एरर), सगळं सांगतं. लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक मशीनप्रमाणे टाइमग्राफरमध्ये भरायचा एक कोन, एनएच३५ साठी ५३ वर ठेवायचा, नाहीतर अँप्लिट्यूडचा आकडा चुकीचा येतो.

मागचं झाकण उघडलं, रोटर (चावी भरणारं फिरतं वजन) बाजूला फिरवला की बॅलन्सच्या वर एकावर एक बसलेल्या दोन दांड्या दिसतात, नखाच्या कडेएवढ्या. एका दांडीच्या टोकाला हेअरस्प्रिंगचं, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या वेटोळ्या स्प्रिंगचं, बाहेरचं टोक पक्कं केलेलं असतं. दुसरीला खाली दोन पिना असतात आणि स्प्रिंग त्यांच्या मधून जाते. खरी काम करणारी स्प्रिंग ह्या पिनांपासून आतली. पिना पक्क्या टोकापासून लांब सरकवल्या की कामाची लांबी कमी होते, स्प्रिंग कडक होते, घड्याळ पुढे पळतं. जवळ आणल्या की मागे पडतं. बस, एवढाच खेळ आहे.

पण हा खेळ किती बारीक ते हिशोब केल्यावर कळलं. एनएच३५ तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६, दिवसाला ५,१८,४००. रोजचे २० सेकंद म्हणजे त्यातले फक्त १२० ठोके. स्प्रिंगची लांबी दहा सेंटीमीटर धरली तर तेवढ्यासाठी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा फरक पुरतो, आणि तो तुम्ही टूथपिकने करताय! ईटीए २८२४-२ मध्ये ह्यासाठी एक छोटा एक्सेंट्रिक स्क्रू असतो, भारी घड्याळांत हंसाच्या मानेसारखी वाकवलेली स्प्रिंग दांडीला स्क्रूवर दाबून धरते, स्क्रू थोडा फिरवला की दांडी केसभर सरकते. इथे तसलं काही नाही, बोटाचा अंदाज आणि देवाची कृपा.

आणि मी पहिल्याच झटक्यात चुकीची दांडी ढकलली. स्टडवाली, म्हणजे स्प्रिंगचं टोक पक्कं केलेली. टाइमग्राफरवरच्या टिक आणि टॉकच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, बीट एरर ०.३ वरून ३ मिलिसेकंदांच्या पुढे, कानाला लावलं तर टिक... टॉकटिक... टॉक, लंगड्या माणसासारखं. घाम फुटला. ती परत जागेवर आणायला अर्धा तास गेला, शेवटी ०.४ वर सोडून दिलं. मग खरी दांडी, नुसता स्पर्श केला तर अधिक १९ वरून उणे ११. परत स्पर्श, अधिक १४. अशी झोंबाझोंबी करत अधिक ६ वर थांबलो आणि झाकण लावलं. चिमटा मात्र हातातही घेतला नाही, हेअरस्प्रिंगला एकदा टोक लागलं की वेटोळं बिघडतं आणि ते सरळ करणं आपल्या बापाच्याने होणार नाही.

खरी गंमत पुढे. अधिक ६ हा आकडा डायल वर ठेवल्यावरचा. क्राउन (चावीचं बटण) खाली करून उभं ठेवलं तर उणे ५. उभ्यात बॅलन्सच्या टोकांचं घर्षण वाढतं, झोका लहान होतो, वजनाचा उरलासुरला असमतोलही तेव्हाच दिसतो, शिवाय दोन पिनांमधली फट किती त्यावर लहान झोक्यात वेळ वेगळी येते. त्या पिना फिरवून फट बदलता येते असं ऐकून आहे, पण माझी हिंमत नाही. मी सोपा मार्ग काढला, दिवसा थोडं पुढे जातं तर रात्री क्राउन खाली करून ठेवायचं. झाली भरपाई, फुकटात!

आता आठ महिने झाले. पहिले तीन-चार महिने रोज २-३ सेकंद पुढे, हल्ली ५-६ होतंय. मध्ये एकदा ब्लूटूथ स्पीकरवर रात्रभर राहिलं आणि सकाळी कित्येक मिनिटं पुढे, मला वाटलं गेलं कामातून, पण ते मॅग्नेटाइझ झालं होतं, म्हणजे त्यात चुंबकत्व चढलं होतं, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटत होती. डीमॅग्नेटायझरवर दहा सेकंद, परत जाग्यावर.

मित्र म्हणतो त्याचंही उघडून दे. मी त्याला म्हटलं टाइमग्राफर तू ने, टूथपिक घरात असेलच.