रॉयल्टीवाला ब्रँड की ‘झिरो रॉयल्टी’? बर्गर आऊटलेट वर्षभर चालवल्यावर

शनिवारी ऐन गर्दीत फ्रायर पुन्हा बंद पडला, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. साताऱ्यात कॉलेजजवळ माझं आऊटलेट आहे, रॉयल्टी (नाव वापरू दिल्याबद्दल विक्रीतला ठरावीक टक्का) घेणाऱ्या ब्रँडचं. मावसभावाचं नाशिकला, ‘झिरो रॉयल्टी’वालं. दोघांचे हिशेब दर महिन्याला शेजारी ठेवून बघतो. (मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग डोक्यात असेल तर काढून टाका. महाराष्ट्रात ती दुकानं वेस्टलाइफ आणि रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया या कंपन्या स्वतःच चालवतात. ‘एक दुकान मिळवून देतो, नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या.)

माझी रॉयल्टी विक्रीच्या ६ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. आपण गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतो, त्यात इनपुट क्रेडिट नाही (आपण भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही), म्हणजे रॉयल्टीवरचा जीएसटी खिशातूनच. चार लाखांच्या विक्रीवर २४,००० आणि वर ४,३२०. ॲपवर सवलत दिली तरी रॉयल्टी मूळ किमतीवर लावतात, हे तर सरळ अन्यायाचं आहे.

हा आकडा बघून जीव जळायचा. भाऊ एक पैसा रॉयल्टी देत नाही. पण बन, पॅटी, सॉस, पार्सलचा कागदसुद्धा त्याला कंपनीकडूनच घ्यावा लागतो. तीच व्हेज पॅटी त्याला माझ्यापेक्षा सहा रुपये महाग पडते. महिन्याला साडेचार हजार पॅटी धरा, झाले २७,०००. शिवाय बन मी गावातल्या बेकरीतून घेतो, रोज ताजे.

आता फ्रायर. डिस्प्लेवर १७५ अंश, तेलात थर्मामीटर घातला तर १९६. पॅटी वरून करपते, आतला बटाटा गार. तेल बघता बघता काळं पडतं. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) नियमाप्रमाणे तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. मग फोडा नवा १५ लिटरचा डबा. तापमान सांभाळणाऱ्या एका फालतू थर्मोस्टॅटपायी! गावातला इलेक्ट्रिशियन तासाभरात बदलून देईल, पण त्याने हात लावला की वॉरंटी गेली. आधी दोनदा पुण्याहून माणूस यायला चार-चार दिवस लागले.

शनिवारी मात्र एरिया मॅनेजरने रात्री दहाच्या आत ट्रेनरला थर्मोस्टॅट घेऊन पाठवलं. त्याने दोन्ही टाक्यांचं तापमान जुळवलं आणि जाण्याआधी माझ्या पोराला तेल गाळायची नीट पद्धत शिकवली. भावाचा डीप फ्रीझर बंद पडला तेव्हा त्याला व्हॉट्सॲपवर ‘नोटेड सर’ एवढंच आलं. माल त्याने शेजारच्या आईस्क्रीमवाल्याकडे ठेवला. तेव्हापासून रॉयल्टीबद्दलचं माझं मत बरंच निवळलंय.

थर्मोस्टॅटचे पैसे मात्र माझ्याच बिलात लावलेत. मेल टाकलाय. करार वाढवताना दोन अटी लेखी घेणार: दुरुस्ती चोवीस तासांत, नाहीतर बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायची मुभा, आणि रॉयल्टी सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर.