रंधा आणि सांदण: नाशिककरांनी एकाच फेरीत उरकू नये

घोटी-बारी-शेंडी मार्गे भंडारदरा साधारण ७० किलोमीटर. तिथून जवळच रंधा धबधबा. प्रवरा सुमारे १७० फूट झेपावते. पण सगळं धरणाच्या विसर्गावर. विसर्ग नसेल तर काळ्या कातळावर बारीक धार तेवढी दिसते, म्हणून आधी चौकशी करा. पावसाळ्यात बघावा तर हाच.

सांदण दरी मात्र पावसाळ्यात अजिबात नको. घाटमाथ्यावर सर आली की पाणी याच चिंचोळ्या भेगेतून कोकणाकडे धावतं, आणि बाजूला व्हायला जागाच नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावचा वाटाड्या घ्याच. सुरुवातीलाच पाण्याचे टप्पे लागतात, थंडीत कधी कमरेपर्यंत. तिथे बूट काढू नका, खालचे दगड शेवाळलेले असतात. मोबाइल पिशवीत बांधा. पुढे नुसते धोंडे. वजन टाकण्याआधी पायाने हलवून बघा, हात टेकत उतरा. गुडघे दुखणाऱ्यांनी इथूनच परतावं. दोरीने उतरायचा पहिला मोठा टप्पा आला की साहित्य आणि जाणकार सोबत नसेल तर मागे फिरा. कडे उंच, त्यामुळे आत अंधार लवकर पडतो. गावात पिठलं-भाकरी सकाळीच सांगून ठेवावी, आयत्या वेळी मिळत नाही.