टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून ८ महिने झाले, ऑइल गळती आणि पीसीव्ही व्हॉल्व्हचा अनुभव

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, त्याच्या कडेचं रबरी पॅकिंग बदललं त्या दिवशीच लिहिणार होतो पण थांबलो, कारण ऑइल गळतीचं काम केल्यावर पहिले दोन आठवडे सगळं कोरडंच दिसतं, खरं काय ते नंतर कळतं. आता ८ महिने आणि साधारण ७००० किलोमीटर झालेत.

गाडी पेट्रोल, ४ सिलिंडर, बरीच चाललेली. त्रास असा की रात्री गाडी लावली की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत बरोबर त्याच्या खाली तीन-चार थेंब, आणि दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागायचं. थेंबांचं एक वेळ ठीक होतं पण थोडं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळायचं आणि तो वास एसीच्या जाळीतून आत यायचा. आईला गाडीत बसलं की दहा मिनिटांत मळमळायला लागायचं, शेवटी ती गाडीने कुठे यायलाच नको म्हणायला लागली. तेव्हा ठरवलं की आता हे मुळापासून बघायचंच.

एका गॅरेजमध्ये दाखवलं तर त्यांनी खालून बघून लगेच सांगितलं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. थेंब तिथेच पडत होते म्हणून मलाही पटलं होतं. पण ते काम एवढं मोठं की त्याआधी सोपे उपाय करून बघू म्हटलं, आणि इथेच माझे ३ महिने गेले. आधी गळती थांबवणारं अ‍ॅडिटिव्ह घातलं. ते रबर थोडं मऊ करतं आणि फुगवतं, त्यामुळे सील नुसतं सुकलेलं असेल तर फरक पडू शकतो, मलाही दोन-अडीच आठवडे थेंब कमी दिसले, मग पुन्हा होतं तसंच. रबर कडक होऊन तडकलं असेल तर बाटलीतल्या औषधाने ते जुळत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

खरा उलगडा झाला तो इंजिन धुतल्यावर. डिग्रीझर मारून, ब्रशने घासून, कापडाने पुसून इंजिन एकदम कोरडं केलं (अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने बांधून घेतले होते), मग ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घातला आणि दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवली. रात्री अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्च मारला तर चमकणारा हिरवट-पिवळा ओघळ स्पष्ट दिसला, आणि तो सुरू होत होता पार वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून हेडच्या (कव्हर ज्यावर बसतं तो इंजिनचा वरचा भाग) मागच्या अंगाने खाली, मग गिअरबॉक्सच्या घंटेवर, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या त्याच्या रुंद तोंडावर, आणि तिथून थेंब. म्हणजे क्रँकच्या सीलचा काहीच संबंध नव्हता. ऑइल उताराने खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, त्यामुळे थेंब जिथे पडतो ती शेवटची जागा असते, सुरुवात नाही. कुणाचीही गळती असो, माझं मनापासून सांगणं आहे की इंजिन धुतल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. डाय मिळाला नाही तर धुतलेल्या कोरड्या इंजिनवर टाल्कम पावडर भुरभुरवा, ओलं होतं तिथे पावडर काळी पडते, मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि साधारण जागा त्यानेही कळली होती.

मग पॅकिंग बदललं. स्पार्क प्लगवरच्या कॉइल काढल्या, कव्हरचे बोल्ट काढले, जुनं पॅकिंग खाचेतून ओढलं तर ते रबर राहिलंच नव्हतं, बोटाने वाकवलं की कट्‌कन तुटत होतं. स्पार्क प्लगच्या नळ्यांची गोल सीलंही तशीच आणि दोन नळ्यांत ऑइल साचलेलं, ती सीलं त्याच वेळी बदला, वेगळं उघडायचं काम परत कशाला. पण पहिल्या वेळी मी दोन चुका केल्या. कव्हरच्या सगळ्या कडेला सिलिकॉन (ट्यूबमधून येणारी, सुकून रबरासारखी होणारी पेस्ट) फासलं, जास्त लावलं तर जास्त टिकेल असं वाटलं, आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने चांगले कचकचून आवळले. ३ आठवड्यांत त्याच कोपऱ्यातून पुन्हा ओल.

फार वाईट वाटलं तेव्हा. पण पुन्हा उघडायच्या आधी एक गोष्ट तपासली जी खरं तर सगळ्यात आधी तपासायला हवी होती. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. इंजिन ठीक असेल तर कागद हलकासा आत ओढला जातो. माझा फडफडत वर उडाला, म्हणजे इंजिनच्या आत दाब साचत होता. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरकडे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिकडे) जातोच, नव्या इंजिनमध्येही जातो, तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) ओढला जाणं अपेक्षित असतं. तो रस्ता बंद झाला की दाब मिळेल त्या कमकुवत जागेतून ऑइल बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला, चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतो, माझा एकदम मुका, आत काळा चिकट गाळ घट्ट बसलेला. त्याचा होजही आतून निम्मा भरलेला. एवढासा पार्ट, हातात मावतो, दोन मिनिटांत निघतो, आणि इतके महिने त्याच्याकडे बघायचं ना मला सुचलं ना गॅरेजवाल्यांना.

व्हॉल्व्ह आणि होज नवे टाकले आणि पॅकिंगही पुन्हा नवीन घेतलं, दाबून चेपलेलं परत वापरायचं नाही. या वेळी हेडची कड प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केली (अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी पातं चालवलं तर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुढे गळतं), ब्रेक क्लीनरने पुसली, एकही बोट लागू दिलं नाही. पॅकिंग कोरडंच खाचेत बसवलं. सिलिकॉन फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे, पुढे टायमिंग कव्हर हेडला मिळतं ते दोन सांधे आणि मागचे कोपरे, तेही लहानसे ठिपके. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून निघतं, तुकडा सुटून चेंबरमध्ये गेला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो, पहिल्या वेळचे असे दोन दोरे मला हेडवर पडलेले सापडले आणि पोटात गोळाच आला. मी घेतलेल्या ट्यूबवर १० मिनिटांत कव्हर बसवा आणि २४ तास सुकू द्या असं होतं, मी पूर्ण २४ तास गाडीला हात लावला नाही.

बोल्ट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराला टक्‌ वाजणारा पाना), मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत. माझ्या इंजिनला १० न्यूटन मीटर आहे, तुमचं मॅन्युअल बघा. १० म्हणजे किती कमी असतं ते रेंच टक्‌ वाजल्यावर कळलं, मी आधी किती आवळत होतो देव जाणे. इतक्या छोट्या बोल्टना टॉर्क रेंच कशाला असं मलाही वाटायचं, पण जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर येतं, कव्हर वाकतं, आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले तर काम भलतीकडेच जातं.

आता ८ महिन्यांचं सांगतो. पहिला महिना रोज सकाळी गाडीखालचा पांढरा पुठ्ठा बघायचो, मग आठवड्याला, आता महिन्याला. थेंब नाही. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आलीये, वरून एकदाही ऑइल घातलं नाही. जुनं साचलेलं ऑइल एक्झॉस्टवरून जळून जायला चारेक दिवस गेले तोवर वास होता, घाबरू नका, नंतर बंद झाला. ५व्या महिन्यात कव्हरवर थोडी ओल दिसली आणि धस्स झालं पण ती ऑइलच्या झाकणाची रिंग निघाली, रिंग बदलली, संपलं. टॉर्च मारून मागचा कोपरा अजून बघतो, धूळ बसलीये तीही कोरडी.

कागदाची टेस्ट आता दर ऑइल बदलीला करतो, मागच्या वेळी कागद आत ओढला गेला. पुढच्या बदलीला व्हॉल्व्ह काढून एकदा हलवून बघणार आहे. आणि आई मागच्या महिन्यात ४ तासांच्या प्रवासाला पुढच्या सीटवर बसून आली, एसी चालू होता, वाटेत झोपली होती.