साठीनंतर एकटीने छोट्या कॅम्पर व्हॅनमधून भटकंती : हिवाळा आणि उन्हाळा वापरून झाल्यानंतरचा अनुभव

निवृत्तीनंतर एकट्या माणसाने कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय केलेली गाडी, घ्यावी का, आणि घ्यायची तर केवढी, हा प्रश्न मला अलीकडे इतक्या जणांनी, त्यातही विशेषतः माझ्या वयाच्या बायकांनी, विचारला आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवणे सोयीचे वाटले. माझे मत आधीच सांगते. एकटीसाठी व्हॅन लहानच असावी, दिवसाचा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि ज्यांना रोज नवीन गाव पाहायचे आहे त्यांनी या भानगडीत न पडता सरळ हॉटेलात राहावे. व्हॅनचा खरा उपयोग एका जागी रेंगाळण्यासाठी आहे.

माझ्याकडे पेट्रोलवरची पाच आसनी मारुती ईको आहे. लांबी ३,६७५ मिलिमीटर, रुंदी १,४७५ मिलिमीटर, म्हणजे कोकणातल्या दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाखाडीवजा अरुंद रस्त्यातूनही ती निघते आणि समोरून एसटी आली तर मागे घेताना घाम फुटत नाही. सीएनजीची गाडी इंधनाच्या दृष्टीने स्वस्त पडली असती, पण तिची टाकी मागच्या जागेत बसते आणि मला पलंग हवा होता. दोन्ही बाजूंना सरकती दारे असल्यामुळे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे एक उघडे, एक बंद असे करता येते. आत उभे राहता येत नाही, हे मात्र ज्यांची पाठ धरते त्यांनी नीट लक्षात घ्यावे, कारण साडी किंवा सलवार बसून नेसण्या-घालण्याची सवय करावीच लागते. माझी उंची पाच फूट एक इंच असल्याने साडेपाच फुटांचा पलंग पुरतो. सहा फुटी गृहस्थाला तो पुरणार नाही.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा असला तरी टाळता येण्यासारखा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली आहे. म्हणून मागचे आसन काढण्याआधी मी आरटीओकडून तशी नोंद करून घेतली, छताला भोक पाडले नाही, वेल्डिंग केले नाही, आणि पलंग-कपाटाचा सांगाडा आसनाच्याच जुन्या बोल्टांवर बसवून घेतला. दुसरे म्हणजे, पंचावन्न वर्षांनंतर वाहन चालवण्याचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला नमुना १-अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आपल्या वयात मोतीबिंदूची तपासणी त्याच निमित्ताने होऊन जाते, हा त्यातला फायदा.

सुतारकाम पुण्यातल्या एका वर्कशॉपमधून करून घेतले आणि ते दिसायला सुबक होते. परंतु ठरलेला मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारा) न वापरता त्यांनी साधा प्लाय वापरला होता, हे दापोलीच्या किनाऱ्यावर पहिल्याच मुक्कामात कळले. खारट दमट हवेने कपाटाचे दार फुगून चौकटीत अडकले आणि माझी सगळी औषधे आत राहिली. शेजारच्या वाडीतल्या सुताराने पटाशीने ते दार सोडवून दिले, पैसे घेतले नाहीत, वर वर्कशॉपला दोन शब्द सुनावले. आता सगळीकडे आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का असलेला प्लाय आहे. कोणी काम करून घेत असेल तर लॅमिनेट चिकटवण्याआधी तो शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

विजेचा हिशेब मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण मधुमेह असलेल्या माणसाचे सगळे त्यावर चालते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. ते गोठले तर निकामी होते आणि तापले तरी त्याचा भरवसा राहत नाही. बाजारात जे स्वस्त 'कार फ्रिज' मिळतात त्यांपैकी बरेच थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीचे (कॉम्प्रेसर नसलेले) असतात आणि ते बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण वीस अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात सोलापूरकडे बाहेर ४० असताना आत २० म्हणजे काहीच नाही. म्हणून कॉम्प्रेसरवर चालणारा, बारा व्होल्टचा लहान फ्रिजच घ्यावा. माझा फ्रिज चालू असताना सुमारे ४५ वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचा निम्मा वेळ चालतो, म्हणजे साडेपाचशे वॅट-तासांच्या आसपास. रात्रीचा पंखा, दिवा आणि फोन धरून रोजचा खर्च साडेसातशेपर्यंत जातो. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास मावतात. वरच्या कॅरियरला बांधलेल्या १५० वॅटच्या सौर पॅनेलमधून चांगल्या उन्हात सहाशेच्या घरात भर पडते आणि उरलेली तूट गाडी चालू असताना इंजिनावरून भरून निघते. थोडक्यात, एका जागी तीन-चार दिवस निर्धास्त राहता येते, फक्त आंब्याच्या गर्द सावलीत गाडी लावायची असेल तर पॅनेलला ऊन मिळत नाही, आणि उन्हाळ्यात आपण नेमके तिथेच उभे राहतो! फ्रिजमध्ये इन्सुलिन तळाशी, भिंतीला टेकवून ठेवू नये. मी ते डब्यात, मधल्या भागात ठेवते आणि शेजारी वेगळा तापमापक असतो, कारण फ्रिजच्या पडद्यावरचा आकडा आणि डब्यातला आकडा यांत तीन अंशांचा फरक मला आढळला आहे.

स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर होतो, तोही नेहमी गाडीबाहेर, दार उघडे ठेवून. पिठले-भात, मुगाची खिचडी, सकाळी उकडलेली अंडी. याहून जास्त हौस मला नाही.

रात्री उठावे लागणे ही आपल्या वयातली गोष्ट आहे आणि कॅम्पर व्हॅनच्या आकर्षक छायाचित्रांत ती कुठेच दिसत नाही. मी दहा लिटर टाकीचा पोर्टेबल कमोड घेतला, पुढच्या आसनामागे पडदा लावला आणि अंधारात दार उघडून बाहेर जाण्याचा प्रश्नच मिटवला. सगळ्या खरेदीत एकच वस्तू ठेवायची म्हटली तर मी पलंगाआधी हीच ठेवेन. टाकी रिकामी करण्यासाठी आणि आंघोळीसाठी दिवसाआड एखाद्या न्याहारी निवासात किंवा देवस्थानाच्या भक्तनिवासात पैसे देऊन सोय होते. अंगणात गाडी लावू देणारे लोक कोकणात सहज भेटतात, मात्र विचारावे उजेडी. नव्या गावात गेल्यावर मी पोलीस पाटलांना भेटून किंवा फोन करून आज इथे मुक्काम आहे एवढे सांगते, गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवते, चावी उशाशी ठेवते आणि नणंदेला फोनवरून जागा कळवते. ११२ क्रमांक लावण्याची वेळ अजून आलेली नाही. एकट्या बाईला भीती वाटत नाही का, याचे उत्तर असे की उघड्या माळावर वाटते, लोकांच्या अंगणात वाटत नाही, म्हणून माळावर राहू नये.

आता यातले सुख कशात आहे ते. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग मी तुकड्या-तुकड्यांनी केला आणि त्यातल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोटीच्या फळीवर गाडी उलटी चढवताना समोर उभा असलेला पोरगा दोन्ही हातांनी "येऊ द्या काकू, येऊ द्या, डावीकडं घ्या, बास!" करतो, आणि चाक फळीवरून धातूच्या तळावर उतरताना जो खणखणाट होतो तो ऐकला की मला अजूनही हुरूप येतो. हॉटेलचे बुकिंग गाठायचे असते तर मी तास वाचवायला महामार्गानेच गेले असते. इथे एक बोट चुकली तर धक्क्यावर चहा करून पुढची घ्यायची. कोणी घड्याळाकडे पाहणारे बरोबर नसते, कोणाला भूक लागलेली नसते.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) हत्तीचे कातळशिल्प पाहायला बहुतेक लोक भर दुपारी येतात, कारण सहलीच्या आखणीत तीच वेळ उरते, आणि डोक्यावरच्या उन्हात त्या प्रचंड हत्तीच्या रेषा सपाट होऊन जातात. मी आदल्या संध्याकाळी गावात मुक्कामाला होते. सकाळी ऊन तिरपे पडले तेव्हा खोदीव रेषांच्या एका कडेला सावली धरली आणि त्या मोठ्या आकृतीच्या पोटात कोरलेले लहान प्राणी एकेक करून सापडू लागले. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, तरी सकाळी सात वाजता तिथे माझ्याशिवाय फक्त गुरे होती. त्याच तालुक्यात देवाचे गोठणे येथे कोरलेल्या आकृतीवर होकायंत्र ठेवले की सुई भलतीकडेच जाते. मी तिथे फोनही ठेवून पाहिला, साधे होकायंत्रही ठेवून पाहिले, आणि तासभर माझी करमणूक झाली.

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावरही हेच. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे तर पहाटेची होडी हवी, आणि पुण्याहून येणाऱ्याला त्यासाठी मध्यरात्री निघावे लागते. मी कुंभारगावात होडीवाल्याच्याच अंगणात झोपलेली असल्यामुळे त्याने काचेवर टकटक केली आणि पाचव्या मिनिटाला मी स्वेटर चढवून पाण्यावर होते. गुडघे दुखतात त्या माणसाला रात्रीच्या प्रवासाची जी धास्ती असते, ती या गाडीने पार घालवली आहे.

ज्यांना खर्चाचा आकडा हवा आहे त्यांच्यासाठी, गाडी सोडून बाकीचे सगळे काम दोन लाखांच्या आत झाले, त्यात बॅटरी आणि फ्रिज यांचाच वाटा मोठा. घाटात पूर्ण सामानासह दुसऱ्या गिअरवर शांतपणे चढायची तयारी ठेवावी. पावसाळ्यात मी व्हॅन वापरत नाही. बंद काचांमागे बाष्प साचून गादी ओली होते आणि आंबोलीच्या धुक्यात एकटीने गाडी चालवण्याची माझी इच्छा नाही. जून लागताच गादी घरात, सिलिंडर बाहेर, बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त भरून वेगळी काढलेली, आणि दर पंधरवड्याला गाडी सुरू करून गावातल्या गावात एक फेरी. नवरात्रानंतर पुन्हा निघायचे आहे. त्याआधी पायरी बदलून घेणार आहे, कारण सध्याची चौदा इंचांची आहे आणि उतरताना उजवा गुडघा रोज तक्रार करतो. आठ इंचांच्या दोन पायऱ्यांची, घडी होणारी, खाली रबर असलेली कोणाला माहीत असेल तर जरूर कळवावे.