मेसेजमध्ये रोलर कॅम, इंजिनात भलताच

सत्तरच्या दशकातली जुनी अमेरिकन व्ही-8 गाडी शोभेला न ठेवता रोज कामावर नेणारे आपल्यातही बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिनाची ताकद वाढवून देतो म्हणून इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, एका गॅरेजने माझ्याकडून साडेसहा हजार डॉलर घेतले. जे दोन मोठे पार्ट घातले म्हणून सांगितलं, ते घातलेच नव्हते. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

गाडी 1972 ची शेव्हेल मॅलिबू. 350 क्युबिक इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कंपनीचा आकडा 165 हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या इंजिनाला एवढाच आकडा म्हणून लोक हसतात. पण 1972 पासून नेट आकडे छापले जाऊ लागले, म्हणजे पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर सगळं जोडून मोजलेले. त्याआधीचे आकडे नुसत्या उघड्या इंजिनाचे असत. शिवाय 1971 मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबायचं ते, उतरवलं होतं. माझ्या इंजिनाचं 8.5. फ्रीवेवर शिरताना जोर कमी पडतो, एवढीच माझी तक्रार होती. रेस लावायची नव्हती.

गॅरेजवाल्याने दिलेला सल्ला अगदी बरोबर होता, आणि गोम तिथेच आहे. 1996 पासूनच्या शेव्ही पिकअपवर आलेली व्होर्टेक हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारे, व्हॉल्व्ह असलेले भाग, बसवू, म्हणाला. त्यांचं चेंबर, म्हणजे पेट्रोल पेटण्याची जागा, 64 सीसीचं, जुन्या हेडचं 76 च्या आसपास. त्यामुळे कॉम्प्रेशन साधारण एका अंकाने वाढतं आणि हवा-पेट्रोलही मोकळं वाहतं. सोबत मवाळ हायड्रॉलिक रोलर कॅम. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्यावर टेकून वरखाली होणाऱ्या लिफ्टरना रोलर प्रकारात खाली छोटं चाक असतं. रोजच्या गाडीसाठी हेच करावं असं कुठलाही जाणकार सांगेल. मी चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांनी मान डोलावली. फसवणारा माणूस सल्लाही चुकीचा देईल असं आपण धरून चालतो. याने सल्ला चोख दिला आणि माल दुसराच घातला.

सोबत डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवला, 380 हॉर्सपॉवरचा. ‘तुमचंच कॉम्बिनेशन.’ त्यावर ना इंजिनाचा नंबर, ना तारीख. असे कागद बहुतेक स्टँडवर ठेवलेल्या इंजिनाचे असतात. रस्त्यावर चाकापर्यंत पोचणारी ताकद त्याहून बरीच कमी असते.

गाडी परत आली तेव्हा आयडलला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू असताना, डुचमळत होती. सिग्नलला आजूबाजूचे लोक काच खाली करून आवाज ऐकायचे, अंगठा दाखवायचे. पण त्याच सिग्नलला ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागायचं. ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा आत ओढण्याच्या जोरावर, आणि कॅम जितका जहाल तितका आयडलचा व्हॅक्यूम कमी. चांगल्या रोजच्या इंजिनाला गेजवर पाऱ्याचे 17-18 इंच मिळतात. माझा काटा दहाच्या आसपास थरथरत होता. गॅरेजवाला म्हणाला, ‘मसल कार आहे, अशीच चालते.’

फ्रीवेवरचा जोर तर आणखी कमी झाला होता. माझ्या गाडीला मागे 2.73 चा गिअर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 2.73 फेरे. ओव्हरड्राइव्ह नाही. ताशी 65 मैलांना इंजिन फिरतं मिनिटाला 2,300 फेऱ्यांच्या आसपास. मोठा कॅम अंगात यायला लागतो तो 2,500 च्या पुढे. म्हणजे माझ्या रोजच्या वेगात तो झोपलेलाच! कॅम निवडताना मागचा गिअर किती, हे ज्याने विचारलं नाही त्याने गाडीचा विचारच केलेला नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

मग टिकटिक सुरू झाली. आधी थंड असताना, नंतर सतत. गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. वयस्कर माणूस. बॉनेट उघडलं, पान्याला हातही लावला नाही आणि म्हणाला, ही व्होर्टेक नाहीत. कसं ओळखलं? व्होर्टेक हेडवर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारा भाग, आठ बोल्टांनी बसतं, एका बाजूला चार, आणि ते सरळ उभे असतात. माझ्या गाडीत बारा होते, तिरके. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्टही कडेने होते. व्होर्टेकला ते मधोमध असतात. त्याने कव्हर काढलं, चिंधीने तेल पुसलं आणि ओतीव अक्षरांवर बॅटरी धरली. नंबराचे शेवटचे तीन आकडे 882. हे 1974 पासूनचं हेड, चेंबर 76 सीसी, तडे जाण्यासाठी बदनाम. म्हणजे माझी मूळ हेडसुद्धा गेली. बाहेरून मात्र नारिंगी रंग ताजा, सुरेख.

इनटेक काढल्यावर दुसरी गंमत. 1972 च्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम घालायचा तर त्याचे लिफ्टर जोडीजोडीने पट्टीने बांधलेले लागतात. इथे साधे, चपट्या बुडाचे सुटे लिफ्टर होते. चपट्या लिफ्टरचा कॅम वाईट असतो असं नाही, पन्नास वर्षांपूर्वी अशा बहुतेक सगळ्या गाड्यांत तोच होता. पण त्याला ऑइलमध्ये भरपूर झिंक लागतं आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीसेक मिनिटं 2,000 च्या वर फिरवावं लागतं. आजच्या बाजारातल्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी केलेलं असतं. रोलर आहे म्हटल्यावर मी तेच साधं ऑइल घालत होतो. कॅमचा एक लोब, म्हणजे लिफ्टर उचलणारा उंचवटा, घासून गोल झाला होता, त्याच्या लिफ्टरचं बूड बशीसारखं खोल. ऑइल फिल्टर कापला तर आतल्या घड्यांत चमचम करणारा चुरा.

जास्त संताप याचाच आला. स्वस्त माल महाग विकला, तर नुकसान पैशाचं होतं. इथे खोट्या नावामुळे इंजिनाची निगाच चुकीची राखली गेली, आणि तो चुरा बेअरिंगपर्यंत पोचला.

भांडायला गेलो तर त्याने लेखी एस्टिमेट पुढे केलं. ‘परफॉर्मन्स हेड, परफॉर्मन्स कॅम किट.’ व्होर्टेक आणि रोलर हे शब्द तिथे नव्हतेच. सुदैवाने त्याने मला मोबाइलवर पाठवलेल्या मेसेजमध्ये होते. कॅलिफोर्नियात गाडीच्या दुरुस्तीवर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर नावाचं सरकारी खातं लक्ष ठेवतं, तिथे तक्रार केली. स्मॉल क्लेम्स कोर्टातही दावा लावला. तिथे व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत, वकिलाशिवाय, मागता येतात. तक्रार मागे घेतलीस तर दीड हजार देतो, असा निरोप आला. घेतली नाही.

एस्टिमेटमध्ये ‘परफॉर्मन्स’, ‘स्टेज टू’ असले शब्द दिसले तर सही करू नका. हेडचा कास्टिंग नंबर आणि कॅमचा पार्ट नंबर लिहून घ्या. कॅमबरोबर एक कार्ड येतं, लिफ्ट आणि ड्युरेशनचं (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडतो याचं), ते मागा. कॅमच्या टोकावरही नंबर कोरलेला असतो, इंजिन पुन्हा जुळवून झाकण्याआधी त्याचा फोटो पाठवायला सांगा. खरं काम करणाऱ्याला यात काही जड जात नाही. आणि जुने पार्ट परत हवेत हे काम सोपवतानाच लेखी द्या. इथला कायदा तो हक्क तेव्हाच देतो, काम झाल्यावर मागून उपयोग नाही.

नवं काम त्या वयस्कर मेकॅनिकनेच केलं: बेअरिंग बदलली, खरी व्होर्टेक बसवली, 0.050 इंच लिफ्टवर मोजलेल्या 210 अंशांच्या आसपास ड्युरेशनचा छोटा कॅम घातला. व्हॅक्यूम 17 आहे, ब्रेक पाय ठेवताच लागतात. सुनावणीची तारीख मिळाली आहे. 882 ची हेड, घासलेला कॅम आणि कापलेला फिल्टर घेऊन जाणार आहे, मेकॅनिकने सहीनिशी लेखी जबाबही दिला आहे. निकाल लागला की कळवीन.