सातारा सहल: गाइड पाचपैकी पाच, बाकी अडीच

एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढली. वारस नोंदीवरून सख्खे भाऊ माझ्या टेबलासमोर हमरीतुमरीवर आलेले पाहिलेत. त्यामुळे शाहू-ताराबाई वादावर पुण्याहून एक दिवसाची सहल निघते म्हटल्यावर 1,800 रुपये भरून टाकले.

बस पाऊण तास उशिरा, पोहे गार. ते एक असो.

गाइड मात्र अस्सल निघाला. तरुण मुलगा, हातात कागदाचा कपटा नाही. अजिंक्यताऱ्यावर ताराबाईंच्या पडक्या वाड्यापाशी आम्हाला बसवलं आणि सुरू केलं. 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. थोरल्या शाखेचे वारस म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू, पण ते वयाच्या सातव्या वर्षापासून मोगलांच्या कैदेत. राजारामांच्या राणी ताराबाईंनी स्वतःच्या मुलाला गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. 1707 मध्ये तो मेला, शाहू सुटून आले. आता गादी कोणाची? थोरल्या घरच्याची, की पडत्या काळात जिनं राखली तिची? असली केस आमच्याकडे प्रांतसाहेबांपर्यंत जाणारच. ताराबाईंनी हरकत घेतली, हे शाहू नव्हेतच, तोतया आहे. पण खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधवच शाहूंना मिळाले आणि 1708 च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

खरी गंमत पुढं. 1749 मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्याआधी ताराबाईंनीच 'हा माझा नातू' म्हणून रामराजाला पुढं केलेलं. तो दत्तक म्हणून गादीवर बसला, ऐकेना, तर वर्षभरात याच किल्ल्यावर कैदेत टाकला आणि म्हणाल्या, हा नातू नव्हेच! तोतयाची हरकत दुसऱ्यांदा, तीही स्वतःच दिलेल्या वारसावर. माझ्या अख्ख्या नोकरीत असा अर्जदार आला नाही. बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. बसल्या जागेवरून मी त्या जोत्याकडं बघतच राहिलो.

आता तक्रार. कंदी पेढ्यांच्या दुकानात चाळीस मिनिटं घालवली आणि संगम माहुलीला पंधरा. ताराबाईंची समाधी अंधुक उजेडात उरकली, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची तर मोबाइलच्या बॅटरीवर पाहिली. पेढे परतताना हायवेवरही मिळतात हो!

दुसरं म्हणजे आयोजकांनी वाटलेली वंशावळ. त्यात ताराबाईंच्या सवतीचा, राजसबाईंचा मुलगा संभाजी गाळलेला. 1714 मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना मुलासकट कैद करून याच संभाजीला गादीवर बसवलं, कोल्हापूरची गादी त्याच्याकडं गेली, आणि कागदावर नावच नाही! एक वारस गाळला की काय होतं, मला विचारा.

गाइडला दाखवलं. त्यानं वाद घातला नाही. बॉलपेन काढून माझ्या प्रतीवर नाव घातलं आणि शेजारी माझी सही मागितली. मी तारखेसकट केली.